चिन्ह कुणाचं

१२ जानेवारी

गारगोटी,

तू खुर्ची सरकवलीस आणि सगळं बदललं. मी ओरडलो, दार आपटलं, दाराची काच खाली आली, हे सगळे सांगत असतील, पण ते नंतरचं. आधी खुर्ची. सरांनी भिंतीवरच्या चित्राकडे बोट दाखवून विचारलं, "चिन्ह कुणाचं आहे हे?" आणि माझ्या शेजारी बसलेली तू खुर्चीसकट माझ्यापासून वीतभर लांब झालीस. फरशीवर खुर्चीचे पाय घासल्याचा तो आवाज अजून कानात आहे. खोली माणसांनी भरलेली होती, पण तो आवाज फक्त मला ऐकवण्यासाठी होता.

मी लिहिणार नव्हतो. पण तू ताईला फोन केलास. मला का नाही केलास, असं तणतणत विचारणार होतो, मग आठवलं की तुझा नंबर मीच बंद करून ठेवलाय. ठेवलाय तर ठेवलाय. उघडणार नाही. म्हणून हे पत्र. कागदावर निदान मध्येच कुणी "हॅलो, आवाज येतोय का" म्हणत नाही.

ताईने तुझा निरोप सांगितला तेव्हा मी जेवत होतो. विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या आंतरविभागीय पीएच.डी.चे अर्ज निघालेत. दोन विभागांतले दोन मार्गदर्शक लागतात. ज्याचा एम.टेक.चा प्रबंध तेवढा सादर व्हायचा राहिलाय, त्यालाही अट घालून घेता येतं. "त्याला सांगा," म्हणालीस म्हणे. भाऊजी पेपरामागून बोलले, "एका विभागात टिकला नाही म्हणून दोन देतायत का?" ताई म्हणाली, "तुम्ही वाचा हो पेपर."

मग ताईने विचारलं, "नक्की भानगड काय झाली होती रे? तू आलास ते बॅग फेकून झोपलास, सांगितलं काहीच नाहीस."

सांगितलं. हातातला रुमाल दोन्ही टोकांना ओढून दाखवला. म्हटलं, आमच्या मेकॅनिकलमध्ये वस्तू ओढली की आकडा अधिक, दाबली की उणे. भूशास्त्रात उलटं. डोंगराखाली सगळं दाबलेलंच असतं, मग जन्मभर उणे-उणे कोण लिहीत बसणार, म्हणून त्यांनी दाबालाच अधिक ठरवून टाकलंय. दोघंही आपापल्या घरी बरोबर. तिने डोंगरउतारावरचे आकडे मोजले, मी ते माझ्या संगणकातल्या मॉडेलमध्ये भरले, आणि रस्तेखात्याच्या साहेबांसमोर चित्र लागलं तेव्हा सगळं उलटं. जिथे लाल हवं तिथे हिरवंगार. साहेब हसून म्हणाले, "हे तुम्ही सुरक्षित दाखवलंय ना, तिथे काल माझा पाय भेगेत गेला. घोट्यापर्यंत."

"मग एकमेकांना विचारायचं ना," ताई म्हणाली, "बाई, तुझं कुठलं आणि माझं कुठलं?"

"विचारायचं काय त्यात? पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं."

"तसं नसतं हं," भाऊजींनी पेपर खाली केला. "हिच्या माहेरी 'बघू' म्हणजे नाही. आमच्याकडे 'बघू' म्हणजे हो. हे कळेपर्यंत आमचे दोन सोफे आणि एक सहल गेली."

ताई हसली. मी ताट उचलून उठलो.

सरांनी प्रश्न सगळ्यांना विचारला होता, पण बघत माझ्याकडे होते. तू एक शब्द बोलली असतीस तर मी कशाला ओरडलो असतो? खुर्ची मात्र बरोबर सरकवलीस. आणि शेवटच्या सत्रातल्या पोराने कॉलेज सोडलं की लोक त्याचं डोकं फिरलं म्हणतात, खुर्चीबद्दल कुणी विचारत नाही.

मी अर्ज करणार नाही. तुझ्या मॅडमना सांग.

भडक्या

अर्ज कधीपर्यंत घेतायत, तेवढं ताईला कळव.


२ फेब्रुवारी

गारगोटी,

भरला अर्ज. हसू नकोस.

तुझ्या मॅडमनी संमती दिली, ते समजू शकतो. त्यांना माझा राग कधी आलाच नाही, माझ्या बुटांचा यायचा, खडकांच्या संग्रहालयात चिखल आणायचे म्हणून. पण सर? त्यांना मी तीन ओळींचा मेल केला होता. माफीबिफी काही नाही. अर्ज करतोय, नियमाप्रमाणे आपली संमती लागते, द्यायची नसल्यास तसं कळवावं. म्हटलं, आता येईल तोफगोळा. उत्तर आलं: "संमती आहे. मुलाखतीला ये. वेळेवर." ते "वेळेवर" मी सतरांदा वाचलं. त्यात टोमणा आहे की नाही, अजून ठरत नाही. तुझ्यासमोर ठेवलं असतं तर तू एका नजरेत सांगितलं असतंस.

अर्जात एक पान आहे: "आपल्याला दोन विभागांत काम का करायचे आहे?" पहिल्यांदा मी खरं लिहिलं. भूशास्त्राच्या जिन्यात एक मुलगी सॅकमध्ये हातोडी घेऊन उभी होती, तिने माझ्यासमोर एक दगड चाटला आणि "चिकणमातीचा आहे, जिभेला चिकटतो" असं सांगून तो माझ्यापुढे धरला, आणि मीही येड्यासारखा चाटला, तेव्हापासून मेकॅनिकलच्या इमारतीत माझं मन लागलेलं नाही. एवढं लिहून झाल्यावर ते फाडलं. मग लिहिलं, "उतारांच्या स्थैर्याचा प्रश्न एकाच विद्याशाखेच्या चौकटीत सुटणारा नाही." ताईने वाचलं. "छान आहे, पण तू लिहिल्यासारखं वाटत नाही."

"म्हणूनच छान आहे," मी म्हटलं.

इथे मी काँक्रीट तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागलोय, ते ताईने सांगितलंच असेल. प्रयोगशाळा म्हणजे पत्र्याचं छप्पर, पाण्याचे हौद आणि एक दाबयंत्र. जिथे जिथे बांधकाम चालू असेल तिथून काँक्रीटचे घन येतात, हौदात मुरतात, मग मी एकेक बाहेर काढून फडक्याने पुसतो, यंत्राच्या दोन पाटांमध्ये ठेवतो आणि फुटेपर्यंत दाबतो. हेच काम. फुटताना मोठा आवाज होईल असं वाटतं. होत नाही. आधी बारीक कुरकुर, मग चारही बाजूंचे पापुद्रे गळतात आणि मधे डमरूसारखा तुकडा उरतो. दिवसाअखेर असे डमरू ढीगभर. तुला एक पाठवणार होतो, पण टपालवाला काय म्हणेल?

माझ्या जोडीला घनकाका आहेत. खरं नाव वेगळं आहे, पण दिवसभर "पुढचा घन, पुढचा घन" करतात. परवा म्हणाले, "लक्ष कुठंय तुझं? घन वाकडा बसलाय."

"काका, पीएच.डी.ला अर्ज केलाय."

"म्हणजे परत शाळा?"

"शाळा नाही हो."

"परीक्षा असते?"

"असते."

"हजेरी?"

"असते."

"वर मास्तर असतो?"

"दोन असतात."

"मग दुप्पट शाळा की! पुढचा घन."

गारगोटी, रोज दाब देता देता मला तो उतार दिसतो. तू टेपचं एक टोक धरून वर, मी दुसरं धरून खाली. तू आकडा ओरडून सांगायचीस आणि अर्धा आकडा वारा न्यायचा. मी कधी "काय?" म्हणून विचारलं नाही. ओठांवरून ओळखायचो. एकही चुकला नाही. एकदा तू मुद्दाम आकड्याऐवजी "भूक लागलीय" म्हणालीस आणि मी वहीत खरोखर काहीतरी लिहिलं, आणि तू खाली येऊन वही बघेपर्यंत हसत होतीस. मला तेव्हा वाटायचं, आपल्याला विचारावं लागतच नाही. बाकीच्यांना लागतं.

तुझा तक्ता माझ्याकडे आला, तेव्हा मी त्याच्यासाठी जे केलं ते कुणाला सांगितलेलं नाही. तुलाही नाही. राहू दे ते माझ्यापाशी.

उत्तर आलं तर बरं वाटेल. नाही आलं तरी लिहीन.

भडक्या


२० फेब्रुवारी

बाईसाहेब,

आपलं पत्र मिळालं. पत्र कसलं, चिटोरं. "माझे आकडे तू मॉडेलमध्ये भरलेस तेव्हा त्यांत काही बदल केला होतास का? कळव. महत्त्वाचं आहे." संपलं! मी दोन पत्रांत जीव ओतला आणि त्यावर ही नोटीस. कसा आहेस नाही, जेवतोस का नाही, घन कसले फोडतोस नाही. काही बदल केला होतास का!

कशासाठी महत्त्वाचं, ते मला कळलंय. आपल्या ग्रंथालयातल्या बुटक्याशी माझं बोलणं आहे अजून. उताराच्या प्रकल्पाला या वर्षी जागा एकच आहे. आणि तुझाही अर्ज आहे. हे तू ताईला सांगितलं नव्हतंस. मला बोलावून घेतलंस, आणि आता मुलाखतीआधी माझ्याच हातचा कबुलीजबाब मागतेस? म्हणजे समितीपुढे ठेवता येईल, बघा, बदल त्याने केला होता, चिन्ह त्याचं होतं, माझे आकडे स्वच्छ. त्या दिवशी खुर्ची सरकवून जे अर्धं राहिलं ते आता पुरं करायचंय.

नाही सांगणार. बदल केला असेल किंवा नसेल. केला असेल तर कुणासाठी केला असेल, हे ज्याला कळत नाही त्याला मी कशाला सांगू? विचारायचं तर तेव्हा विचारायचं होतंस, सगळ्यांसमोर, माझ्या बाजूने.

ताईने ते चिटोरं वाचलं. (लपवलं होतं. धुवायच्या शर्टात सापडलं तिला.) म्हणाली, "अरे, साधा प्रश्न आहे. हो की नाही, एवढंच लिहायचंय."

"साधा नाहीये तो."

"मग फोन कर आणि अवघड करून सांग."

"तुला नाही कळायचं, ताई."

"मला नाही कळायचं. मी फक्त तुझ्या फुगलेल्या तोंडाला रोज चहा द्यायचा."

भाऊजी आतून ओरडले, "'बघू' म्हणून कळव रे! दोन्ही घरी चालतं."

मला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी यंत्रावर एक घन मी इतका जोरात आपटला की दाब देण्याआधीच त्याचा कोपरा उडाला. घनकाका माझ्याकडे बघत राहिले. "त्याने काय केलंय तुझं?" म्हणाले. तो घन बाद झाला, बांधकामवाल्याला दुसरा आणायला लागला, आणि मालकांनी मला सगळ्यांसमोर झाडलं. झाडू दे. सवय झालीय मला सगळ्यांसमोरची.

पाकीट फेकलेलं नाही. माझा पत्ता तू हाताने लिहिलायस, म्हणून. दुसरं काही कारण नाही.

उत्तराची वाट बघू नकोस.


८ मार्च

गारगोटी,

मागचं पत्र फाडून टाक. मी पोस्टाच्या पेटीत टाकल्या टाकल्या हात आत घालून बघितला, पोचला नाही.

मुलाखतीचं पत्र आलं. त्याच इमारतीत, त्याच खोलीत. ताईने निळा शर्ट इस्त्री करून ठेवलाय. भाऊजींनी त्यांचा पट्टा दिला, माझा झिजलाय म्हणून. तो देताना म्हणाले, "एक कर. कुणी काही विचारलं की आधी मनात पाच म्हण. पाचापर्यंत नाही आलास तर तीन म्हण." मी म्हटलं, एकवरच स्फोट होतो माझा. म्हणाले, "ते माहितीये, म्हणून तीन सांगितलं."

रात्री झोप नाही वगैरे लिहिणार नाही. झोपतो मी. दिवसाचं जास्त अवघड जातं. हौदातून घन काढताना हात गार पडतात, आणि मनात येतं की आत्ता तू काय करत असशील. चुनखडी ॲसिडात विरघळवत असशील. किंवा पातळ कापलेला खडक भिंगाखाली धरून कुणाला तरी दाखवत असशील, "बघ, कसे रंग दिसतात." ते "कुणाला तरी" मला सोसत नाही.

ठरवलंय, मला विचारलं तर सगळं सांगायचं. मी आकड्यांसाठी काय केलं ते. ते ऐकल्यावर त्यांना कळेल की चूक माझी नव्हती. मग मला घेतील. मग रोज त्याच जिन्यात, त्याच उतारावर. जागा एकच आहे, हे मला माहीत आहे. ते गणित मी मुद्दामच पुढे नेत नाहीये.

चूक माझी नव्हती म्हणजे कुणाची, तेही पुढे नेत नाहीये.

शर्ट घालून बघितलाय आणि डाग पडू नये म्हणून आज सकाळपासून नुसता बसून आहे. भेटशील का? नको. बघू.

भडक्या


१५ मार्च

गारगोटी,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: हो. बदल केला होता.

एवढंच वीस फेब्रुवारीला लिहिलं असतं तर हे बाकीचं लिहावं लागलं नसतं. बसस्टँडवर बसलोय, गाडी लागायची आहे. तुझा नंबर उघडा केलाय. लगेच फोन करू नकोस, हे आधी वाच. तू खाली संग्रहालयात होतीस ते मला कळलं होतं आणि तरी मी आलो नाही. तेही वाचशील पुढे.

वेळेवर गेलो. दाराला काचेच्या जागी प्लाय ठोकलंय, रंगही दिलेला नाही, बघितलं असशील. आत टेबलापलीकडे तिघं. सर, तुझ्या मॅडम, आणि रसायनशास्त्राचे एक अध्यक्ष म्हणून, सारखं पेनाचं टोपण काढणारे आणि लावणारे. अलीकडे एकच खुर्ची ठेवलेली, त्या दिवशीची तुझी जागा. मी बसलो. पट्टा पोटात रुतत होता.

आधी बराच वेळ मॉडेलबद्दल विचारलं. बरी दिली उत्तरं. सरांनी एकदा मानही डोलावली. मला वाटायला लागलं, मिळतंय. मग त्यांनी कागद बाजूला सारले.

"तो दिवस," सर म्हणाले. "राग काढायला विचारत नाहीये. मला समजून घ्यायचंय. झालं काय होतं?"

मी मनात तीन म्हटलं. खरंच म्हटलं.

"सर, भूशास्त्राचे आकडे दाब अधिक धरून असतात. मॉडेलला उलटे लागतात. म्हणून भरण्याआधी मी सगळ्या तक्त्याची चिन्हं उलटी केली. हाताने, एकेक. तिला सांगितलं नाही. तिने तिच्या पद्धतीने लिहावं, आमची पद्धत तिच्या गळ्यात कशाला मारायची, असं वाटलं मला. मी बरोबर केलं होतं, सर."

"तू उलटी केलीस?" मॅडमनी विचारलं.

"हो."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अरे, पण तिने तर ती उलटी करूनच तुला दिली होती."

"म्हणजे?"

"माझ्याच खोलीत बसून करत होती. मी म्हटलं, आपल्या पद्धतीने का नाही लिहीत? तर म्हणते, 'मॅडम, त्याला याची सवय नाही. गोंधळतो आणि मग स्वतःवरच चिडतो. त्याच्या पद्धतीने देते. तुम्ही सांगू नका हं, त्याला वाटेल मी शिकवतेय.'"

अध्यक्षांच्या पेनाचं टोपण हवेतच राहिलं. "म्हणजे हिने उलटं केलं, मग याने उलटं केलं," ते म्हणाले, "म्हणजे होतं तिथेच आलं की!" आणि हसले. वाईट माणूस नाही. कुणालाही हसू येईल. मलाही आलं असतं, दुसऱ्या कुणाचं असतं तर.

सर हसले नाहीत. "आज सकाळी तिची मुलाखत झाली. हाच प्रश्न तिलाही विचारला. ती म्हणाली, मी चिन्हं बदलून दिली होती, एवढं मला माहीत आहे. पुढे त्याने काय केलं ते त्यालाच ठाऊक. मी पत्र लिहून विचारलंय. उत्तर आलं नाही."

गारगोटी, मला पुष्कळ लोकांनी झाडलंय. मालकांनी झाडलंय, सरांनी तर वर्गासमोर झाडलंय. एवढं कुणाचं लागलं नव्हतं, आणि तू तर लावून बोललीही नव्हतीस. नुसतं जे होतं ते सांगितलंस. तू माझ्यावर काही ढकललं नाहीस, तिथेही नाही, तेव्हाही नाही. महत्त्वाचं आहे, म्हणालीस, ते आपल्या दोघांसाठी होतं. मी ते नोटीस म्हणून वाचलं.

मग सर जागेबद्दल बोलले. "एकच आहे. तुझं मॉडेल चांगलं आहे, तिचं मोजकाम चांगलं आहे. आम्हाला निवडायला अवघड जाणार आहे. प्रबंध सादर करायच्या अटीवर तुझाही विचार होऊ शकतो, हे मी मोकळेपणाने सांगतो."

अध्यक्षांनी टोपण लावलं. "मला एकच विचारायचंय. समजा, ही जागा तुम्हाला दिली. म्हणजे त्या इथे नसतील, त्यांना दुसरीकडे जावं लागेल. तरी हे काम तुम्ही कराल? चार-पाच वर्षं? त्याच उतारावर?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. उतारांच्या स्थैर्याचा प्रश्न एकाच विद्याशाखेच्या चौकटीत वगैरे. जिभेवर आलं होतं ते वाक्य. मी त्या उतारावर स्वतःला एकटं उभं करून बघितलं. टेपचं एक टोक माझ्या हातात, दुसरं कुणाच्या तरी. तो कुणीतरी आकडा ओरडतोय, आणि मला तो ऐकायचाही नाहीये.

"नाही," मी म्हटलं.

"डोक्यात राख घालून बोलू नकोस," सर म्हणाले.

"नाही सर. आज घातलेली नाही. म्हणूनच हे बोलता आलं. तिला द्या. मी उदार वगैरे होत नाहीये. ती हे काम मी नसतानाही करेल. मी नाही करणार, ती नसताना. तुम्हाला काम करणारं माणूस हवंय."

मॅडमनी चष्मा परत घातला. "आणि तुझा प्रबंध? तो तरी पुरा करशील की नाही?"

"बघू," मी म्हटलं. ते कुणाच्या घरचं "बघू" होतं, ते मलाच माहीत नाही.

"ती खाली संग्रहालयात आहे," मॅडम म्हणाल्या. "भेटून जा."

मी उठायला गेलो. आणि उठता येईना. ते टेबल तुला माहीतच आहे, त्याचा तो जाड पाय बरोबर त्या जागेच्या उजव्या गुडघ्यापुढे येतो. गुडघा आपटला. खुर्ची सरळ मागे ढकलायला गेलो तर मागे फायलींचं लोखंडी कपाट. तिथून उठायचं तर एकच वाट आहे, खुर्ची वीतभर डावीकडे सरकवायची. सरकवली. फरशीवर घासली. तोच आवाज.

मी तुझ्या उजव्या हाताला बसलो होतो त्या दिवशी.

लांब होत नव्हतीस तू. उठत होतीस. काय सांगायला, ते मॅडमनी आत्ताच सांगितलं होतं. आणि तू नीट उभी राहायच्या आत मी ओरडत दारापर्यंत पोचलो होतो.

मी त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. सरांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही सर, टेबलाचा पाय मधे येतो इथे." ते म्हणाले, "हो, सगळ्यांनाच लागतो तो." सगळ्यांनाच! म्हणजे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं, मी सोडून. विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं.

म्हणून आलो नाही खाली. तुझ्यापुढे उभा राहून पहिलं वाक्य काय बोललो असतो? मी सुचेल ते बोलून मोकळा होतो आणि तुझं ऐकायचं राहून जातं, दर वेळी. या वेळी तुझं आधी. तुला जे त्या दिवशी उभं राहून सांगायचं होतं ते कधीतरी सांग, वाटलं तर. नाही वाटलं तरी माझी तक्रार नाही. जागा घे. तो भेगेचा भाग लाल दाखव. माझ्या मॉडेलमध्ये आकडे भरशील तेव्हा चिन्हं एकदाच उलटी कर.

मी तिघांना नमस्कार केला आणि वळलो. प्लायच्या दाराला आता फुटण्यासारखं काही नाही. कितीही आपटलं असतं तरी चाललं असतं. मी हँडल धरून बाहेर आलो, दार चौकटीला टेकेपर्यंत ते सोडलं नाही, आणि आवाज न करता लावून घेतलं.